केवडा काय फक्त उसालाच पडतो?

सभासद बंधू-भगिनींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारोदारी गुढ्या उभ्या असतील, पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी असतील आणि हंगामाचा पट्टा पडल्यामुळे तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या असतील. पाडव्याच्या अंकात आम्ही शेतकी खात्यातर्फे नेहमी चार गोष्टी सांगतो. खोडव्यातले पाचट जाळू नका, माती तपासून घ्या, आडसालीचे बेणे आत्ताच ठरवून ठेवा, लागणीची नोंद वेळेत द्या. त्या यंदाही सांगायच्याच आहेत आणि पुढच्या पानावर दिल्या आहेत. हे पान मात्र आम्ही मुद्दाम मागून घेतले. नव्या वर्षाचा एक वेगळा संकल्प आम्हांला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तो उसाविषयी नाही, उसात राबणाऱ्या बायामाणसांच्या प्रकृतीविषयी आहे.

"शेतकी खात्याने डॉक्टरकी कधीपासून सुरू केली?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमची पदविका शेतकीची, डॉक्टरकीची नाही. पण वीस-बावीस वर्षे शिवारे तुडवल्यावर उसाखेरीजही काही गोष्टी डोळ्यांना दिसतात. त्या दिसूनही आम्ही इतकी वर्षे गप्प राहिलो, म्हणून आज लिहितो आहोत.

एका पानाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एक सभासद सकाळीच गट ऑफिसात आले. रुमालात उसाचे पान गुंडाळून आणले होते. "साहेब, दोन एकर पिवळा पडलाय बघा. काहीतरी करा." पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा. केवडा! लगेच गाडी काढली आणि त्यांच्या रानात गेलो. जमीन चुनखडीची. अशा जमिनीत लोह नसते असे नाही, असते. पण चुनखडीमुळे ते पिकाला उचलता येत नाही. हिराकस शेणखतात मुरवून द्या, वरून फवारणी घ्या, असे सांगितले. त्यांनी त्याच दिवशी हिराकस आणले.

रानातून परतताना त्यांच्या घरी चहाला थांबलो. माउलीने चहा आणून दिला आणि ती चौकटीला धरून जरा वेळ उभी राहिली. ओठ पांढरे, नखे पांढरी. दोन पायऱ्या चढल्या तर धाप. आम्ही सहज विचारले, "वहिनींची तब्येत बरी नाही का?" सभासद हसून म्हणाले, "तिला काय झालंय? कामानं थकती. आता वय पण झालं." वय किती, तर छत्तीस.

त्या दिवशी आमच्या मनात एकच हिशेब घोळत होता. उसाचे पान नऊ किलोमीटर लांबच्या ऑफिसात आले, आणि घरची बाई तीन किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात कधी गेली नाही. आम्ही थोडा आग्रह धरला. पुढच्या आठवड्यात तिचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ भरले. गरोदर नसलेल्या बाईचे ते निदान १२ तरी असावे लागते.

आता आमच्या घरचे सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवतो असे वाटायला नको. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर आम्ही विचारले, "तुझं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?" उत्तर आले, "धाकटा झाला तेव्हा." धाकटा आता आठवीत आहे. तपासले तर ८.६. ज्याने आयुष्यभर लोकांना माती परीक्षणाचे महत्त्व सांगितले, त्याच्या घरात ही कथा. दिव्याखाली अंधार तो हाच.

हे दोन घरांपुरते नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या गटात शंभर एकर ऊस असता आणि त्यातल्या चोपन्न एकरांवर केवडा पडला असता, तर तुम्ही आम्हांला झोपू दिले असते काय?

लोह आहे, पण लागू पडत नाही

बाईचे रक्त का कमी होते, याची कारणे आपल्याला परकी नाहीत. दर महिन्याला पाळीत रक्त जाते. बाळंतपणे जवळजवळ होतात. पोटात जंत असतात. आणि घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कालवण आणि भाकरी बाईच्या वाट्याला येते. त्यावर तिचे जेवण संपते न संपते तोच चहा होतो. चुनखडी जशी जमिनीतले लोह अडवून धरते, तसा जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवले तर खर्च काही नाही, फायदा मात्र आहे. उलट लिंबू, आवळा, पेरू यांच्यामुळे लोह अंगी लागते. हरभरा, मटकी, तीळ, अळीव, शेवग्याचा पाला, राजगिरा हे आपल्या बांधावरचे आणि बाजारातले पदार्थ आहेत. मांसाहार करणाऱ्या घरात आठवड्याला मटण होते तेव्हा त्यातले दोन तुकडे बाईच्या ताटात आधी पडले पाहिजेत.

एक गैरसमज आपल्या ऊसवाल्यांत फार आहे. "गूळ खाल्ला की रक्त वाढतं." गुळात थोडे लोह असते खरे, पण आठावर आलेले रक्त गुळाच्या खड्याने बारावर जात नाही. त्याला गोळ्याच लागतात. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. गंमत अशी की त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत जे औषध असते ते फेरस सल्फेटच, म्हणजे आपल्या हिराकसाचेच शुद्ध रूप. (म्हणून कोणी खताच्या पोत्यातला हिराकस तोंडात टाकू नये! ते विष ठरेल.) गोळीने कधी मळमळते, शौचाला काळे होते, कधी खडा धरतो. त्याला घाबरून चार दिवसांत गोळ्या बंद केल्या की सगळे मुसळ केरात. जेवणानंतर घ्या, डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या आणि पुन्हा तपासा. तरीही रक्त वाढले नाही, तर मागे दुसरे काही कारण असते. ते डॉक्टरांकडून शोधून घ्या.

फडातली बाई

इथवरचे बहुतेकांना पटेल. पुढचे काहींना आवडणार नाही, पण ते सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरे होत नाही.

गेल्या हंगामात, पौष महिन्यात, एका टोळीची गाडी दोन दिवस कमी भरली. आम्ही मोटारसायकलवर फडात गेलो. नवरा एकटाच तोडत होता. बायको गाडीच्या सावलीला पाचटावर आडवी पडलेली. शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "पाळी हाय सायेब, लई दुखतंय. आज जमत न्हाई तिला." आम्ही काय केले? मुकादमाला फोन लावला आणि सांगितले, "आज दोन टन कमी पडले, उद्या भरून काढ." एवढेच केले. संध्याकाळी मुकादमाने त्या कोयत्याला खाडा लावला. तो लागणार हे आम्हांला ठाऊक होते. महिन्याभराने ती बाई टोळीत दिसली नाही. विचारले तर, "पिशवी काढायला गेलीया." वय सव्वीस, पदरी दोन लेकरे. खासगी दवाखान्याच्या बिलासाठी नवऱ्याने पुढच्या हंगामाची उचल आताच घेतली. म्हणजे दुखणे काढायला गेली आणि आणखी एक हंगाम बांधून आली.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याला माहीत आहे. दोघांतले एक आडवे झाले की खाडा जोडीला. दिवसाला पाचशे रुपये कापले जातात असे सर्रास ऐकू येते. पहाटे चारला उठायचे, कोपीत चूल पेटवायची, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचे. फडात ना न्हाणी, ना संडास, ना पाळीचे कापड धुवायला पाणी. लघवीला जायला लागू नये म्हणून बाया पाणी कमी पितात. मग लघवीचा आजार, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी होणारच. त्यांतल्या पुष्कळ तक्रारी औषधगोळ्यांनी बऱ्या होतात. पण बाईला कोणी सांगते, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक." पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला, असा तिचाही हिशेब बसतो.

हा हिशेब किती जणींचा बसला, हे २०१९ साली पुढे आले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एकीची. देशभराचे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत सुमारे तीन होते. तरुणपणी पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास ऐन उमेदीत सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात. अशा हाडांनी ती पुन्हा मोळी उचलायला आपल्याच फडात येते.

खरा धोका असतो तो वेळीच ओळखण्याची सोयही आहे, आणि त्यासाठी धडधाकट बाईची पिशवी काढावी लागत नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत गर्भाशयमुखाच्या विषाणूची चाचणी एकदाच केली, तिथे त्या कॅन्सरचे मृत्यू न तपासलेल्या गावांच्या मानाने निम्म्यावर आले. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साधे व्हिनेगर लावून तपासणी केली, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ साली जाहीर झाले. दोन्ही ठिकाणच्या बाया आपल्यासारख्याच घरांतल्या होत्या. तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात.

तीन आक्षेप

हा विषय चार सभासदांत काढला की ठरलेली तीन उत्तरे मिळतात.

पहिले : "तोडणीच्या बायांचं मुकादम बघंल. आपला काय संबंध?" संबंध असा की ती तोडते तो ऊस आपला आहे. करार आपल्या कारखान्याशी होतो, मुकादमाचे कमिशन आपल्याकडून जाते, तोडणीचा प्रोग्राम आमच्या खात्याच्या सहीने निघतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये ठरले आहेत, ते देऊन आपण मोकळे झालो असे म्हणता येणार नाही. त्या रुपयांनी पौषातल्या त्या दुपारी फडात घागरभर पाणी पोचत नाही.

दुसरे : "बाई स्वतःच सांगत नाही, मग आम्हांला कसं कळणार?" खरे आहे, ती सांगत नाही. ऊस तरी कुठे सांगतो? आपण फडात जातो, पान उलटून बघतो, शेंडा चिरून बघतो. आणि बाई सांगत नाही याचे कारण पूर्वी कधीतरी तिने सांगितले होते आणि आपण "काय नाटक लावलंय" म्हटले होते.

तिसरे : "पाळीला सुट्टी दिली तर गाळप पडंल." याचा हिशेब सरळ करू. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. महिन्यातून एक-दोन दिवस काही कोयते मागे राहिले तर थोडा ऊस मागे राहील, हे आम्ही नाकारत नाही. पण मिल बिघडून आठ-आठ तास बंद पडते, पाऊस येऊन दोन दिवस गाड्या रानात रुततात, तेव्हाही गाळप पडते. त्या वेळी आपण कोणालाही खाडा लावत नाही. प्रोग्राम सुधारून घेतो. तसाच तो इथेही सुधारून घेता येतो. ते काम आमच्या खात्याचे आहे आणि आम्ही ते करू.

वर्षाचे उद्दिष्ट

एकरी टनेजचे उद्दिष्ट आपण दरवर्षी ठरवतो. त्याच धर्तीवर, उसाच्या कॅलेंडरला जोडून, हे चार टप्पे आम्ही सुचवतो.

१. पाडवा ते अक्षय्यतृतीया. घरातल्या प्रत्येक बाईचे आणि वयात आलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. आकडा माती परीक्षणाच्या कागदाशेजारी लिहून ठेवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे पैशाची सबब राहिलेली नाही. सून, सासू, लेक, सगळ्या जणींना एकाच दिवशी ट्रॉलीतून न्या. लग्नाला नेता तसे न्या.

२. मृगाच्या आधी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचा रक्तदाब आणि साखर तपासा (इथली साखर कमी असलेली बरी). स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्या. गर्भाशयमुखाची तपासणी पाच वर्षांतून एकदा झाली तरी चालते. ती कधी झाली याची नोंद घरात असू द्या. लाज वाटते, हे आम्हांला कळते. सासूने आधी जावे, म्हणजे सुनेची लाज जाईल.

३. आडसालीची लागण आटोपल्यावर. ज्यांचे रक्त कमी निघाले होते त्यांची पुन्हा तपासणी. तीन महिन्यांच्या गोळ्यांचे फळ काय आले ते दिसेल. आणि एक नियम घराघरांत कायमचा : पिशवी काढा असे कोणी सांगितले, तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घेतल्याखेरीज बाईला टेबलावर चढवायचे नाही. काही वेळा शस्त्रक्रिया खरोखर लागते, नाही असे नाही. पण दोन एकर जमीन घेताना आपण चार वकिलांना विचारतो.

४. दसरा ते दिवाळी, टोळ्या उतरण्यापूर्वी. ज्यांच्या फडात टोळी येणार त्या सभासदाने तीन गोष्टी कराव्यात. प्यायला आणि धुवायला पाणी, पोत्यांचा किंवा पत्र्याचा आडोसा करून संडास-न्हाणी, आणि गरोदर बाईला फळीवरून मोळी चढवायला लावायची नाही. टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तळावर आणण्याची जबाबदारी आमच्या गट ऑफिसची. तळांची यादी आम्ही त्यांना आधी देऊ.

एक गोष्ट उरते, आणि ती आमच्या हातात नाही. पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा लावायचा नाही, हे तोडणी कराराच्या कागदावर आले पाहिजे. तोंडी सांगून ते होत नाही. मुकादम तोंडावर 'हो' म्हणतो आणि वहीत खाडा मांडतो. आम्ही पडलो नोकर माणसे, आम्हांला ठराव मांडता येत नाही. तो अधिकार तुमचा आहे. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. उसाच्या दरावर बोला, रिकव्हरीवर बोला, काटा बरोबर आहे का यावर तर जरूर बोला. पण एका तरी सभासदाने उठून हा ठराव मांडावा आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावे. आपल्या महिला सभासदांपैकी कोणी तो मांडला तर फारच चांगले. शेअर्स त्यांच्या नावावर आहेत, सभेची नोटीस त्यांच्या नावाने घरी येते, खुर्चीवर मात्र मालक येऊन बसतात. यंदा त्यांनी स्वतः यावे.

रुमालात पान आणणाऱ्या त्या सभासदांकडे आम्ही मागच्या महिन्यात गेलो होतो. ऊस हिरवागार तुटून गेला, टनेज चांगले पडले. वहिनींचे रक्त अकरावर आले आहे. चहा त्यांनीच आणला, आणि या वेळी चौकटीला न धरता उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हांला विचारले, "साहेब, त्या टोळीतली पोरगी बरी हाय का हो? आमच्याच फडात तोडत हुती ती." आमच्याजवळ उत्तर नव्हते. ती कुठल्या गावची, हेही आम्ही कधी विचारले नव्हते. गाडीचा नंबर मात्र आमच्या वहीत आहे, मुकादमाचे नाव आहे, टनेज आहे. पुढच्या हंगामापासून आमच्या तोडणीच्या वहीत जोडीतल्या बाईचेही नाव आणि गाव लिहिले जाईल. आमच्या बाजूचा संकल्प एवढाच आहे. तुमचा काय, ते पाडव्याला कडुलिंब तोंडात टाकताना ठरवा.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा देऊन रजा घेतो.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेतकी विभाग)